हाळी आली की तराफा थांबतो

१८ मार्च, इस्लामपूर. दुपारपासून सायकलच्या चेनमधला चिखल काढते आहे. हाताशी वाटीभर डिझेल, जुना टूथब्रश आणि दुकानातली पाइप पुसायची फडकी. कोयनेच्या काठचा चिखल आपल्या नदीकाठच्या मळीच्या रानातल्यासारखा नाही. तो तांबडा, बारीक असतो आणि वाळला की सिमेंटसारखा बसतो. वन्संची सायकल तशीच अंगणात उभी आहे, भाऊजींची त्यांनी सर्व्हिसिंगला दिली आहे. माझ्या सायकलला दुसऱ्याने हात लावलेला मला चालत नाही.

आमचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. गेले चार-सहा दिवस येणारं प्रत्येक गिऱ्हाईक जॉइनर आणि नळ्या मागायच्या आधी विचारतं, "काकी, पाण्यात रातभर अडकला व्हता म्हणं?" भाऊजींनी गावभर सांगितलेली गोष्ट आणि प्रत्यक्षात झालेली गोष्ट यांचा संबंध फार थोडा आहे. त्यांच्या गोष्टीत वादळ आहे. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. ज्यांना तिकडं जायचं असेल त्यांनी वाचावं, आणि मगच जावं.

इस्लामपूर ते सातारा

आम्ही तिघं निघालो होतो. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. वन्सं म्हणजे थोरली नणंद सुमन, साठीला टेकलेली. सायकल ती गेल्या वर्षी पहाटेच्या ग्रुपमध्ये शिकली. आणि मी. माझ्या नवऱ्याने येण्याचं नाकारलं. "कुठंबी अडकला तर फोन करा, पिकअप घिऊन येतो," एवढं मात्र तो रोज म्हणत होता. अडकण्याची वाट बघत असल्यासारखा. पिकअप बोलवायचा नाही हे मी निघतानाच ठरवलं होतं.

भाऊजींनी प्रवासाचा प्लॅन टाइप करून, लॅमिनेट करून हँडलला अडकवला होता. गळ्यात शिट्टी. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांचं सामान वजनकाट्यावर ठेवलं. माझ्या बॅगेतून हिरव्या शेडनेटची गुंडाळी निघाली.

"वहिनी, हे कशाला? आपन रोपवाटिका घालायला चाललोय का?"

"बसायला, झाकायला, गाळायला, बांधायला लागतं. राहू द्या."

"फालतू वजन," असं म्हणून त्यांनी ते बाजूला काढलं. मी परत भरलं. दुकानात असलेली आणि फुकट मिळणारी वस्तू मी कधी मागं सोडत नाही.

प्लॅनप्रमाणे कराडला आम्ही फक्त पाणी प्यायला थांबणार होतो. पण मलकापुरात चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने वन्संला विचारलं, "कुठल्या म्हनायच्या तुमी?" आणि वन्संने उत्तर दिलं. आमच्या भागात हा प्रश्न म्हणजे दार उघडणं असतं. कुठलं गाव, आडनाव काय, माहेर कुठलं, मामाचं गाव कुठलं, असं करत चौथ्या प्रश्नाला तो माणूस वन्संच्या जावेच्या चुलतभावाचा व्याही निघाला. मग घरी न जाता पुढं जाणं शक्यच नव्हतं. त्यांच्या घरी चहा झाला, मग पोहे, मग "आता सैपाक होतोयच की". मी रागाने भाऊजींकडं बघत होते. त्यांचा प्लॅन हँडलला लटकत होता आणि ते पाटावर बसून तिसरी भाकरी मोडत होते. मटणाच्या रश्श्यानंतर सायकल मारणं काय असतं ते मारल्याशिवाय कळत नाही. हायवेच्या सर्व्हिस रोडने, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून, त्यांतून पडणारं पाचट चुकवत आम्ही साताऱ्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

भाऊजी म्हणाले, "उद्या कव्हर करू."

कास, आणि पलीकडचा उतार

कासचा चढ मी चढले. वन्सं अर्ध्याहून जास्त ढकलत चढली आणि वर पोचल्यावर म्हणाली, "ह्यात सायकलीचा उपेग काय झाला?" पठारावर मार्चमध्ये काहीही नसतं. वाळलेलं गवत, काळा कातळ, कुठं कुठं वणव्याने जळालेले पट्टे. तरी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने थांबवून सांगितलं, "फुलं न्हाईत आता." आम्ही फुलांसाठी आलो नव्हतो, पण सातव्या-आठव्या माणसाला ते पटवून देणं मी सोडून दिलं.

पठार संपून बामणोलीकडं उतरायला लागलो आणि मग मात्र तक्रार करायला काही राहिलं नाही. खाली कोयनेचं पाणी डोंगरांच्या मधून हातभर रुंद पट्ट्यासारखं वळत गेलेलं. वर जांभळीची झाडं मोहोरलेली. आमच्याकडं डोळा जाईल तिथवर ऊस आणि वर आभाळ, मध्ये काही नाही. इथं एका नजरेत पाणी, जंगल, त्यातून निघणारा धूर, आणि पाण्याच्या कडेला उघडा पडलेला तांबडा काठ. मार्च लागला की पाणी रोज थोडं उतरत जातं. खाली वीज करायला सोडतात. काठावर उतरलेल्या पाण्याच्या रेघा पायऱ्यांसारख्या दिसतात.

उतारावर वन्संच्या मागच्या ब्रेकचं रबर संपलं. वास आला तेव्हा तिला वाटलं कुणीतरी टायर जाळतंय. मी तिला उतरवलं आणि खालपर्यंत चालत नेलं. भाऊजी वळणावर शिट्टी मारत उभे. खाली एका घरात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि कोयनेतला तळलेला मासा मिळाला. ते जेवण चांगलं होतं. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्याला नाचणी पहिल्या घासाला मातीसारखी लागते, तिसऱ्या घासाला कळतं की ही पोटात जास्त वेळ टिकणार.

घाटावर

ज्या घाटावरून आम्ही तराफ्यावर चढलो त्याचं नाव लिहीत नाही. त्या लोकांना उगाच त्रास नको. तराफा म्हणजे लोखंडी हौदांवर पत्र्याचा सपाट माळा, दोन्ही बाजूंना कठडा, मागं इंजिन. त्यावर माणसं, मोटरसायकली, शेळ्या, एखादी जीप, सगळं पलीकडं जातं. पूल व्हायचा आहे म्हणतात. तोवर पलीकडच्या गावांना तराफा नाहीतर वळसा, आणि वळसा म्हणजे दिवस जातो.

आम्ही ऊन कलल्यावर, दिवसातल्या शेवटच्या फेरीला पोचलो. भाऊजींच्या प्लॅनप्रमाणे पलीकडं उतरून, काठाकाठाने वर तापोळ्यापर्यंत जायचं होतं. तराफा चालवणारे तात्या टोपी पुढं ओढून बसले होते.

"कवा सुटणार?" मी विचारलं.

"सुटंल की."

"किती वाजता?"

"मान्सं आली की."

माणसं आली होती. पलीकडच्या गावातली एक बाई दळणाची पोती घेऊन, दोन मोटरसायकलवाले, आम्ही. तात्यांनी दोर सोडला, इंजिन लावलं, आणि तेवढ्यात डोंगरावरून हाक आली. लांबलचक, शेवटी वर जाणारी. उतारावर कुणीतरी टॉवेल फिरवत होतं. तात्यांनी इंजिन बंद केलं.

"हाळी आली," ते म्हणाले, जणू सिग्नल लाल झाला.

तो माणूस धापा टाकत उतरला तोवर माझी पाण्याची अर्धी बाटली रिकामी झाली होती. तो तराफ्यावर चढला नाही. त्याने स्टीलचा डबा तात्यांच्या हातात दिला. "माज्या भनीला द्या. पोळ्या हायत." आणि परत चढायला लागला.

"ह्याच्यासाठी थांबलो आपण?" मी म्हणाले.

"हाळी आल्यावर कसं जायाचं, ताई?" तात्या म्हणाले. "शेवटची फेरी हाय. मागं ऱ्हायला त्यो रातभर मागंच."

"तो तर मागंच राहणार होता."

"डबा ऱ्हायला असता की."

आमच्या इस्लामपूरच्या स्टँडवर एसटीचा कंडक्टर दार धरून धावणाऱ्याच्या तोंडावर घंटी देतो, आणि त्यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. इथं डोंगरावर कुणी नुसता खोकला तरी तराफा थांबेल. सूर्य डोंगराला टेकत आला होता. भाऊजी प्लॅनकडं बघत होते.

परत दोर सुटला. आम्ही काठापासून चांगले आत गेलो आणि मागून हॉर्न वाजला, मग हाळी, मग परत हॉर्न. रस्त्याच्या वळणावर धुळीत एक जीप.

"आता नाही," मी म्हणाले. "तात्या, आता कुणासाठी वळू नका. अंधार पडेल. त्यांना उद्या येऊ दे."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी सुकाणू फिरवलं.

जीपमध्ये काय होतं

जीपमध्ये मधमाश्यांच्या पेट्या होत्या. बबनराव आणि इंदूबाई, पलीकडच्या गावचे नवराबायको. बबनराव मुंबईत मार्केटमध्ये हमाली करून परत आलेले, माश्या पाळण्याचं त्यांचं दुसरंच वर्ष. लोणंदच्या बाजूला कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट असतात. कांद्याच्या फुलांवर माश्या बसल्या की बी चांगलं धरतं, म्हणून तिकडचे शेतकरी पेट्या मागवून घेतात. तिकडची फुलं संपली, इकडं जांभूळ मोहोरली, म्हणून पेट्या घरी चालल्या होत्या. आमच्या उसाला माश्या लागत नाहीत. त्यामुळे आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचंही माहीत नव्हतं.

माश्या उजाडायच्या आत पेटीत असतात तेव्हाच तोंड बंद करायचं आणि निघायचं. त्यांनी तसंच केलं होतं. दुपारपर्यंत घरी पोचून पेट्या उघडायच्या होत्या. घाटात जीप तापली, मग बेल्ट तुटला, मग मेकॅनिक जेवायला गेला. माश्या सकाळपासून कोंडलेल्या होत्या.

बबनरावांनी हे सगळं मला एका दमात सांगितलं. इंदूबाई पेटीच्या जाळीला कान लावून उभी होती.

तिच्यामुळे माझा राग थोडा कमी झाला, पण तात्यांवरचा कमी झाला नाही. उजेड गेला होता. पाण्यात जिथं जुनी गावठाणं बुडाली आहेत तिथं काठ्या रोवून फडकी बांधलेली असतात. त्या काठ्या मला दिसत नव्हत्या, तात्यांनाही दिसत नसाव्यात. पलीकडचा काठ इतका जवळ आला की चुलींचा धूर नाकात शिरायला लागला. आणि तराफा हळूच, काही आवाज न करता थांबला. इंजिन चालू होतं. आम्ही जागेवर होतो.

"कुठं लागला?" भाऊजींनी विचारलं.

"गावावर," तात्या म्हणाले. "जुन्या गावाची पांढर हाय खाली, पडक्या घरांच्या मातीचा उंचवटा. काल एवढी वर नव्हती."

मागं घेतला, हलला नाही. जीप मागच्या टोकाला ढकलली, सगळी माणसं मागं उभी केली, हलला नाही. बांबूने रेटलं. बांबू गाळात रुतून तिथंच राहिला. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे पिकअपचा प्रश्न आपोआप मिटला. वारा सुटला होता. तात्यांनी काठाकडं तोंड करून हाळी दिली. तिकडून हाळी आली. मग बराच वेळ दोन्हीकडून ओरडून बोलणं झालं, ज्यातलं मला एवढंच कळलं, की वाऱ्यात अंधारात कुणी होडी घालणार नाही आणि सकाळी येतील.

मी तात्यांना जे बोलले ते सगळं लिहीत नाही. पहिल्या हाळीला थांबला नसता तर, दुसऱ्या हाळीला वळला नसता तर, अशी सुरुवात होती. तात्या ऐकून घेत होते. इंदूबाईही ऐकत होती. जीप त्यांचीच होती हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

रात्र

रात्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माळ्याचा पत्रा गार पडला. वन्संने सांगलीचं भडंग काढलं, ते सगळ्यांना मूठमूठ पुरलं. मग तिची नजर त्या स्टीलच्या डब्यावर गेली.

"पोळ्या सकाळपातुर ऱ्हात्याल्या का?"

"त्याच्या बहिणीच्या आहेत," मी म्हणाले.

"तिला सांगू, माशानी खाल्ल्या," वन्सं म्हणाली आणि झाकण काढलं. तात्यांनी तोंड फिरवलं. तोंड फिरवून त्यांनी दोन खाल्ल्या.

खरा प्रश्न पेट्यांचा होता. रात्रीच्या गारव्यात माश्या तगतील, असं दोघांचंही मत होतं. पण सकाळी ऊन चढलं, पत्रा तापला, की कोंडलेली पेटी आतून भट्टी होते. माश्या पंखांनी वारा घालून घालून थकतात, मेण मऊ होतं, पोळं खाली बसतं. बबनराव म्हणत होते, उजाडलं की तोंडं उघडायची. इंदूबाई म्हणत होती, मुळीच नाही.

"का नाही?" मी विचारलं.

"भाईर पडलं की माशी जागा बघून ठेवती," ती म्हणाली. "परत त्याच जाग्याला येती. आता हितं उघडलं, आन मागनं तराफा हालला, तर चरायला गेलेल्या माश्या हितंच येनार. पान्यावर. पेटी न्हाई, काय न्हाई. घिरट्या घालत्याल्या आन पडत्याल्या."

"मग कोंडून मारतीस का?" बबनराव म्हणाले. "दोन वर्सं घातली मी ह्यात. लोक हसत्यात, मुंबईतनं येऊन माश्या राखतोय म्हनत्यात."

"मीबी घातली की. मला कोन हसत न्हाई व्हय?"

मी जाळीला कान लावला. आतून एकसारखा आवाज येत होता, विहिरीवरची मोटर लांबून चालू असावी तसा. इंदूबाई एकेक पेटीशी जाऊन ऐकत होती. एका पेटीपाशी ती जास्त वेळ थांबली.

सकाळ

उजाडताच मी शेडनेट काढलं.

भाऊजींनी ते पाहिलं आणि त्याचं एक टोक धरलं. शेडनेटमधून वारा जातो आणि ऊन अडतं. रोपांना हेच लागतं, म्हणून लोक ते माझ्याकडून नेतात. जीपच्या मागच्या दांड्यांना आणि तराफ्याच्या कठड्याला ते ताणून बांधलं. त्याखाली पेट्या ओढून घेतल्या, मध्ये बोटभर जागा ठेवून. वर ओली पोती टाकली. दळणवाल्या बाईने आपलं पीठ वन्संने सायकलवर बांधून आणलेल्या तंबूत ओतून पोती रिकामी करून दिली. तंबूत अजून पीठ आहे. भाऊजींनी फौजेतलं ब्लँकेट दिलं. ते ब्लँकेट ते कुणाला हात लावू देत नाहीत. पाण्यात बुडवताना त्यांनी डोळे मिटले.

"पानी जास्त नको," इंदूबाई म्हणाली. "आत गेलं तर पिल्लं गारठत्यात." मी पोती पिळून परत टाकली.

ऊन पूर्वेच्या डोंगरावरून थेट आमच्यावर आलं. थोड्या वेळात पत्र्यावर अनवाणी उभं राहवेना. काठावर माणसं जमली होती. एक होडी निघाली, लहान, वल्ह्याची. मोठी लाँच आणली तर तीही पांढरीवर बसली असती.

होडी लागली तेव्हा भाऊजींनी शिट्टी मारली. "एक लाइन. महिला आधी, मग सिव्हिलियन, मग..."

"भाऊजी, पेट्या आधी," मी म्हणाले.

"वहिनी, मानसं आधी. तुमी आन सुमनआक्का पयल्या होडीत."

"माणसं उन्हात उभी राहतील. काय होतंय माणसांना? घाम येईल. होडीत किती पेट्या मावतील तात्या?"

"अर्ध्या. जपून."

एक मोटरसायकलवाला म्हणाला, त्याला कामावर जायचंय. दळणवाली बाई म्हणाली, घरी सासू वाट बघतीया. मी दोघांनाही सांगितलं की रात्रभर थांबलात, आता आणखी दोन खेपा थांबा. ते ऐकतील असं मला वाटलं नव्हतं. पण ज्या लोकांनी एका डब्यासाठी इंजिन बंद होताना चकार शब्द काढला नव्हता, त्यांना थांबायला सांगणं सोपं असतं. मोटरसायकलवाल्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पेटीचं एक टोक धरलं.

पेटी आडवी करायची नाही, धक्का द्यायचा नाही. हातातून हातात, अशा आम्ही त्या होडीत दिल्या. एकीचं झाकण माझ्या हातात सरकलं. मी ते दाबून परत बसवलं तेवढ्यात बाहेर आलेल्या एका माशीने माझ्या पापणीला डंख मारला. ओरडले असते तर पेटी सुटली असती. "तुमाला खुनेनं वळखलं तिनं," वन्सं मागून म्हणाली. "काल लय बोलला व्हता."

पेट्या दोन खेपांत गेल्या, बबनराव आणि इंदूबाई त्यांच्याबरोबरच. मग दळणवाली बाई, मग मोटरसायकलवाले. आम्ही तिघं आणि तात्या शेवटी राहिलो. वजन उतरल्यावर जीप आणखी मागं, अगदी कडेपर्यंत ढकलली. तराफ्याचं पुढचं टोक गाळातून सुटताना चुलीवरचं पिठलं फुटावं तसा आवाज आला. काठावर ज्या बाईचा तो डबा होता ती उभी होती. वन्संने तिला रिकामा डबा दिला आणि तिचं माहेर कुठलं ते विचारलं. मी पुढं निघून गेले.

पलीकडे

बबनरावांच्या घरामागं जांभळीखाली दगडांच्या चौथऱ्यांवर पेट्या मांडल्या आणि एकेक तोंड उघडलं. माश्या लगेच चरायला जात नाहीत. पेटीकडं तोंड करून त्या हवेत मागंपुढं डोलतात, मग मोठ्या गोलात फिरतात. जागा बघून ठेवत होत्या. इंदूबाई शेवटच्या पेटीशी बसून होती. त्या पेटीतून थोड्याच बाहेर आल्या.

"रातीपातुर सावरंल ती," बबनराव म्हणाले. इंदूबाईने पेटीला परत कान लावला.

माझा डोळा पूर्ण मिटला होता. वन्संच्या सायकलला मागचा ब्रेक नव्हता. भाऊजींनी लॅमिनेट केलेला प्लॅन हँडलवरून काढून खिशात घातला आणि सांगितलं की उद्या पहिल्या तराफ्याने अलीकडं, आणि आल्या वाटेने घरी. मी संध्याकाळी घाटावर जाऊन तात्यांना बजावून आले. "उद्या तरी वेळेवर सोडा. आम्हाला साताऱ्याला पोचायचंय."

"ताई, उद्या येळंवर," तात्या म्हणाले. "तुमी बोलला ते डोक्यात हाय."

रात्री भात आणि माशाचं कालवण होतं. बबनरावांनी मुंबईच्या गोष्टी सांगितल्या. भाऊजींनी लडाखच्या सांगितल्या. मी एका डोळ्याने जेवले.

सकाळी लवकर उठून सायकलवर सामान बांधत होते तर मागं इंदूबाई त्या पेटीशी एकटी दिसली. झाकण उघडं होतं. मी गेले. पोळं एका बाजूने खाली बसलं होतं आणि तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता, ओल्या चहापत्तीसारखा. बाकीच्या पेट्यांवर ये-जा चालू होती. ती एक तेवढी गप्प होती.

"रातीच गेली व्हती ही," ती म्हणाली. "तराफ्यावर. मला ऐकू आलं व्हतं."

तिने माश्या हाताने एका पाटीत काढल्या, मी चौकटी एकेक उचलून मेण खरवडलं. मग आम्ही पेटी पाण्यावर नेऊन धुतली आणि उन्हात उलटी ठेवली. "पावसाळ्याआधी थवा मिळाला तर भरंल," ती म्हणाली. तिने मला चहा घ्यायला सांगितलं आणि मी नको म्हणाले नाही. तो चहा उकळायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला.

भाऊजी आणि वन्सं पुढं गेले होते. मी सायकल ढकलत उताराच्या वळणावर आले तेव्हा खाली दोर सुटलेला होता. तराफा काठापासून चांगला आत गेला होता, माळ्यावर भाऊजी तात्यांशी हातवारे करत होते, आणि तात्या घड्याळ दाखवत होते.

मी सायकल गवतात आडवी टाकली. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली. पहिली नीट लागली नाही. दुसरी डोंगराला आपटून परत आली.

खाली इंजिनाचा आवाज बदलला. तराफा वळायला लागला.